मखजन ते मॅगेझिन : एका शब्दाचा प्रवास

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे मी आठवीच्या वर्गात एक प्रथा पाडली होती. रोज एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचायची आणि तिच्यातला न समजलेला शब्द फळ्यावर लिहायचा. एके दिवशी एका मुलीची पाळी होती. तिने वाचलेली बातमी चार ओळींची होती. पोलिसांनी एका तरुणाला पकडले होते आणि त्याच्याकडून एक पिस्तूल, दोन मॅगेझिन व काही जिवंत काडतुसे जप्त केली होती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "सर, त्या मॅगेझिनमध्ये असं काय छापलं होतं, की ते जप्त केलं?"

मागच्या बाकावरची दोन-तीन मुले हसली. चित्रपट पाहून त्यांना पिस्तुलाचे मॅगेझिन ठाऊक झाले होते. मी फळ्यावर पिस्तुलाची मूठ काढली, तिच्यात सरकवायची ती चपटी पेटी काढली, पेटीत एकावर एक रचलेल्या गोळ्या काढल्या आणि म्हणालो, "हेही मॅगेझिनच." मुलगी जागेवर जाऊन बसली. तास संपला.

पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बातमीतल्या तरुणाचे नाव आपल्यातले होते. ते वाचताना तिचा आवाज जरा खाली गेला होता, आणि वर्गातली तशाच नावांची पाच-सहा मुले त्या वेळी वहीत तोंड घालून बसली होती. त्या मुलीच्या घरी मात्र मॅगेझिन म्हणजे वर्षातून एकदा येणारा, अब्बा आणि नाना आळीपाळीने वाचतात तो जाडजूड अंक होता. तिने शब्दाचा जो अर्थ घरात ऐकला होता, तोच तिने बातमीला लावला. तिची चूक झाली असे मला तेव्हाही वाटले नाही. पुढे या शब्दाचे मूळ शोधत गेलो, तेव्हा कळले की तिचा प्रश्न इतिहासाला धरून होता.

कोठाराचे नाव

'मॅगेझिन' हा शब्द इंग्रजी म्हणून आपण वापरतो, पण तो जन्माने अरबी आहे. अरबीत ख, ज, न या तीन अक्षरांचे एक मूळ आहे. साठवणे, जपून ठेवणे हा त्याचा अर्थ. ज्या जागी साठवायचे ती जागा म्हणजे 'मखजन', आणि मखजनचे अनेकवचन 'मखाजिन'. साठवण सांभाळणारा तो 'खाजिन'. मौल्यवान वस्तूंची साठवण ती 'खिजाना'. हा शेवटचा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'खजिना' झाला. खजिनदाराशिवाय आपली एकही संस्था चालत नाही, मग ती पतपेढी असो की साहित्य संमेलन. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी खजिना मराठीच्या तोंडातून गेला नाही. तेव्हा 'खजिना' आणि 'मॅगेझिन' ही एकाच घरातली दोन भावंडे आहेत. एक फारसीच्या बोटाला धरून दख्खनमध्ये आले, दुसरे सगळे युरोप फिरून इंग्रजांच्या जहाजातून उतरले. दारात भेटले तेव्हा त्यांनी एकमेकांना ओळखले नाही.

युरोपियनांनी हा शब्द उचलताना अनेकवचनच उचलले आणि एकवचन म्हणून वापरले. यात नवल नाही. आपणही तेच केले आहे. 'अहवाल' हे अरबीत 'हाल'चे अनेकवचन, 'उमराव' हे 'अमीर'चे आणि 'असामी' हे 'इस्म' म्हणजे नाव या शब्दाचे अनेकवचन. मराठीत मात्र एकच अहवाल सादर होतो, एकच उमराव दिमाखात चालतो आणि एकटा असामीही बडा असतो. शब्द हाताळणारे लोक त्याचे व्याकरण विचारत बसत नाहीत. त्यांना मालाशी काम असते.

या मुळाची थोरवी आपल्या वाचकांना निराळी सांगायला नको. कुरआनातील हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांच्या कथेत हाच धातू येतो. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर यूसुफ त्याच्याकडे जहागीर मागत नाहीत. देशाची कोठारे माझ्या ताब्यात द्या, मी ती जाणतेपणाने सांभाळीन, असे ते म्हणतात. सात वर्षे धान्य भरायचे आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ते लोकांना द्यायचे. ज्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले, तेही एके दिवशी त्याच कोठाराच्या दारात धान्यासाठी येऊन उभे राहतात, आणि कोठार त्यांच्यासाठीही उघडते. कोठार कशासाठी असते, याचा निकष या कथेने घालून दिला आहे.

पण कोठाराची किल्ली हाती असणे म्हणजे सत्ता हाती असणे, हेही अरबी भाषेने लवकर ओळखले. मोरोक्कोत राजसत्तेला शतकानुशतके 'मखजन' म्हणतात. कराचा पैसा आणि धान्य जिथे जमा होई त्या कोठाराचे नाव सरकारलाच पडले. आजही तिथे कुणी मखजनविषयी दबल्या आवाजात बोलू लागला, की तो राजवाड्याभोवतीच्या सत्तेविषयी बोलतो आहे हे सगळ्यांना कळते.

धान्य आणि दारू

मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या दोन काठांमध्ये व्यापार जोरात चाले. व्हेनिस, जिनोआ, मार्सेय येथील व्यापारी अलेक्झांड्रिया, ट्युनिस, बिजाया अशा अरब बंदरांत येत. तिथे त्यांच्यासाठी 'फुंदुक' असत. वर राहण्याच्या खोल्या, खाली मालाची कोठारे. अशा कोठारांत मिरी, मेण, कातडी, कापूस ठेवता ठेवता त्यांनी कोठाराचे नावही सोबत नेले. १३व्या शतकापासून ते युरोपच्या कागदपत्रांत दिसू लागते. इटालियनात 'मागाझिनो', फ्रेंचमध्ये 'मागाझँ'. स्पेनमध्ये तर अरबी 'अल्' हे उपपदही चिकटून राहिले आणि शब्द 'आल्मासेन' झाला.

फ्रेंचमध्ये पुढे याचा अर्थ दुकान असा झाला. रशियनांनी तोच घेतला, म्हणून मॉस्कोत 'मगाझिन'मध्ये वाणसामान मिळते. सर्वात गंमत इराणची आहे. तिथे दुकानाला 'मगाजे' म्हणतात आणि तो शब्द फ्रेंचकडून घेतलेला आहे. शेजारच्या अरबांचा मखजन फारसीत आधीपासून होताच. तोच पॅरिसला जाऊन, कोट-पाटलोण घालून परतला, आणि घरच्यांनी त्याला परदेशी पाहुणा समजून नवे नाव दिले.

इंग्रजीत हा शब्द १६व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तेव्हा त्याचा अर्थ साधा होता, मालाचे कोठार. पण तो काळ लढायांचा होता. युरोपातील राजांच्या फौजा वाढत होत्या आणि फौजेला गावोगाव लुटून जेवू घालण्याचे दिवस संपत आले होते. १७व्या शतकात फ्रान्सने सरहद्दीवर आधीच धान्य, वैरण आणि दारूगोळा भरून ठेवण्याची पद्धत बसवली. त्या कोठारांना मॅगेझिनच म्हणत. हळूहळू धान्य मागे पडले आणि दारू पुढे आली. १७१९ साली डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी निघाली, तिच्यात हे स्थित्यंतर एकाच माणसाच्या गुहेत पाहायला मिळते. क्रूसोच्या मॅगेझिनमध्ये खाण्याचे जिन्नस आहेत आणि बंदुकीची दारूही आहे. एकदा वीज कडाडते तेव्हा त्याच्या काळजात धस्स होते. एका ठिणगीने सगळे जाईल, म्हणून तो दारूच्या शेकडा लहान पुड्या करून खडकांच्या फटींत वेगवेगळ्या लपवतो.

दारूच्या कोठाराचे शास्त्रच निराळे होते. भिंती जाड, दार एकच. फळ्यांना लोखंडी खिळे न ठोकता लाकडाच्या किंवा तांब्याच्या खुंट्या मारायच्या. आत जाणाऱ्याने नाल मारलेले जोडे बाहेर काढायचे. धान्याच्या कोठाराला उंदराची आणि ओलीची भीती, दारूच्या कोठाराला माणसाच्या पायाची. मराठ्यांच्या राज्यातही अठरा कारखान्यांत अंबारखाना आणि दारूखाना वेगवेगळे मोजत. पन्हाळ्यावर गेलेल्यांनी अंबारखान्याच्या त्या तीन भव्य इमारती पाहिल्या असतील. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यांची नावे आहेत. धान्याच्या कोठाराला नद्यांची नावे देणाऱ्यांना कोठाराचा अर्थ बरोबर समजला होता. आपल्या भाषेने दोन कोठारांसाठी दोन शब्द राखले. इंग्रजीने मात्र एकाच शब्दात दोन्ही कोंबली.

मुंबईत याचा पुरावा आजही पाटीवर आहे. हार्बर लाइनच्या रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना नावाची वस्ती आहे. भंगार लोखंड, जुन्या जहाजांचे सुटे भाग, साखळ्या, नांगर यांचा तिथे बाजार आहे. त्याच दारूखान्यातील एका रस्त्याचे नाव मॅगेझिन स्ट्रीट. एक नाव रयतेच्या तोंडातले, दुसरे साहेबाच्या नकाशातले, दोन्हींचा अर्थ एकच. जवळच माझगावात गनपावडर रोड आहे. तिथे बंदुकीची दारू आज कुणाला आठवत नाही आणि नवख्या माणसाला दारूखाना हे नाव ऐकून भलतेच काही वाटते.

१९व्या शतकात बंदुकीच्या आतच काडतुसे साठवण्याची सोय झाली, तेव्हा त्या पेटीलाही मॅगेझिन म्हणू लागले. पुढे ब्रिटिश आणि हिंदी फौजांच्या खांद्यावर आलेल्या ली-एन्फिल्ड बंदुकीच्या नावातच हा शब्द होता. दगडखाणीसाठी सुरुंगाची दारू ठेवण्याच्या परवान्याच्या खोलीला आजही सरकारी नियमांत मॅगेझिनच म्हणतात. माझ्या विद्यार्थिनीने वाचलेल्या बातमीतला शब्द या वाटेने आला होता.

शब्दांचे कोठार

तिच्या घरी येणारा अंक दुसऱ्या वाटेने आला. लंडनमध्ये एडवर्ड केव्ह नावाचा एक मुद्रक होता. जोडे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. काही काळ त्याने टपाल खात्यात नोकरी केली. तिथे त्याच्या हातून गावोगावची वर्तमानपत्रे जात. इतक्या ठिकाणी इतके छापले जाते आणि आठवड्याभरात ते रद्दीत जाते, हे तो रोज पाहत होता. जानेवारी १७३१ मध्ये त्याने एक मासिक काढले. निरनिराळ्या पत्रांतील निवडक मजकूर, कविता, बाजारभाव, जन्ममृत्यूच्या नोंदी, परदेशच्या बातम्या असे सगळे त्यात एकत्र ठेवलेले असे. त्याला त्याने नाव दिले 'जंटलमन्स मॅगेझिन', सद्‌गृहस्थांचे कोठार. मुखपृष्ठावर फुलांचा गुच्छ धरलेला हात आणि खाली लॅटिन बोधवाक्य, ज्याचा अर्थ 'अनेकांतून एक'. पुढे हेच वाक्य अमेरिकेच्या राजमुद्रेवर गेले. संपादक म्हणून केव्ह 'सिल्व्हेनस अर्बन' हे टोपणनाव लावी. त्यात रानही आले आणि नगरही आले.

पुस्तकाला कोठार म्हणण्याची कल्पना इंग्रजीत १७व्या शतकातही होती, पण नियतकालिकाला ते नाव चिकटले ते केव्हमुळे. सॅम्युअल जॉन्सन उमेदीच्या काळात केव्हकडे लिहीत असे. १७५५ साली त्याने आपला प्रसिद्ध शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यात मॅगेझिन शब्दाचा पहिला अर्थ कोठार, शस्त्रागार असा दिला आणि मग नोंदवले की अलीकडे एका मासिकामुळे हा शब्द संकीर्ण मजकुराच्या नियतकालिकाला लावतात. आज जगभर जो मुख्य अर्थ आहे, तो तेव्हा कोशात मागच्या दाराने आला होता.

मात्र शब्दांचे कोठार ही कल्पना केव्हची नव्हे. बगदादच्या ग्रंथालयाला 'खिजानतुल हिकमा' म्हणत, ज्ञानाचा खजिना. अरबीत पुस्तकांच्या संग्रहाला खिजाना म्हणण्याची रीतच होती. १२व्या शतकात निजामी गंजवी यांनी फारसीत 'मखजनुल असरार' हे काव्य लिहिले, रहस्यांचे कोठार. इंग्रजीत हा शब्द पोहोचण्याच्या चारशे वर्षे आधी मखजनमध्ये दारू आणि धान्याऐवजी विचार ठेवले गेले होते.

मराठीत १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले. १८६७ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' निघाले आणि १८७८ मध्ये 'काव्येतिहास-संग्रह'. या तिसऱ्या मासिकाचे काम तर खरोखर कोठाराचे होते. वाड्यांतून, मठांतून धूळ खात पडलेल्या जुन्या कविता, बखरी आणि पत्रे शोधायची आणि क्रमाक्रमाने छापायची. ती छापली नसती तर त्यांतले किती आपल्यापर्यंत आले असते, सांगता येत नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि वर्षाकाठी एक मोठे कोठार भरण्याची मराठी प्रथा सुरू झाली. आपला हा वार्षिक अंक त्याच प्रथेतला आहे.

दिल्लीतली दोन कोठारे

दारूचे कोठार आणि शब्दांचे कोठार एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर कसे असू शकते आणि त्यांचे काय होते, हे पाहायचे तर १८५७च्या दिल्लीत जावे लागते.

काश्मिरी दरवाजाजवळ शाहजादा दारा शुकोह याच्या ग्रंथालयाची इमारत आहे. दारा म्हणजे उपनिषदांचे फारसीत भाषांतर करून घेणारा शाहजहानचा थोरला मुलगा. १६५९ मध्ये औरंगजेबाने त्याला ठार करवले आणि त्याची पुस्तके पांगली. पुढे इमारतीत इंग्रज रेसिडेंट राहिला, मग तिथे दिल्ली कॉलेज आले. या कॉलेजात गणित, विज्ञान, भूगोल उर्दूतून शिकवत. मास्टर रामचंद्र यांनी तिथूनच उर्दू नियतकालिके काढून नवे विज्ञान सामान्य वाचकांपुढे मांडले. आणि जवळच कंपनी सरकारचे मॅगेझिन होते. तिथे तोफा, बंदुका आणि काडतुसे भरलेली होती.

११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले. मॅगेझिनमध्ये लेफ्टनंट जॉर्ज विलोबी आणि त्याचे आठ साथीदार होते. काही तास त्यांनी दरवाजे राखले. ते राखता येणार नाहीत असे दिसताच विलोबीच्या इशाऱ्यावर दारूला बत्ती दिली गेली. त्या स्फोटात भिंती चढणारे शिपाई आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसे शेकड्यांनी मेली. त्या मॅगेझिनच्या दरवाजांचे अवशेष आजही रस्त्यात उभे आहेत. त्यावर इंग्रजांनी आपल्या वीरांची पाटी लावली आणि शिपायांना बंडखोर म्हटले. स्वातंत्र्यानंतर खाली दुसरी पाटी लागली. वरच्या पाटीत ज्यांना बंडखोर म्हटले आहे ते परकी सत्ता उलथू पाहणारे हिंदी सैनिक होते, असा खुलासा तिच्यावर आहे. वरची पाटी काढली नाही, खाली उत्तर लिहिले. इतिहासाच्या शिक्षकाला ही रीत आवडते.

दिल्ली कॉलेजचे प्राचार्य टेलर यांनी त्या दिवशी आधी मॅगेझिनमध्ये आसरा घेतला होता, असे कॉलेजच्या इतिहासात सांगितले जाते. स्फोटानंतर ते तिथून निसटले आणि मौलवी मुहम्मद बाकिर यांच्या घरी आले. मौलवी बाकिर म्हणजे 'देहली उर्दू अखबार'चे संपादक, कॉलेजशी जुना संबंध असलेले गृहस्थ. पुढे टेलर वेश पालटून बाहेर पडले आणि रस्त्यात मारले गेले. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, तेव्हा मौलवी बाकिर यांना देहदंड झाला. टेलर यांच्या मृत्यूचा ठपका त्यांच्यावर होता आणि त्यांच्या अखबाराने उठावाची बाजू घेतली होती. हिंदुस्थानात देहदंड झालेले पहिले पत्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्यांचा मुलगा मुहम्मद हुसैन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हेच पुढचे 'आबे हयात'चे लेखक आजाद. गोरे शिपाई घरात घुसले आणि सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढले. भरल्या घरातून काय उचलावे हा विचार करायला क्षणभर वेळ होता. मुहम्मद हुसैननी उस्ताद जौक यांच्या गजलांचे बाड उचलले. जौक तीन वर्षांपूर्वीच वारले होते. दागिने, भांडी, कपडे पुन्हा मिळतील, उस्तादांचे शब्द पुन्हा मिळणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. ते बाड काखोटीला मारून ते दिल्लीबाहेर पडले, काही वर्षे इकडेतिकडे फिरले आणि शेवटी लाहोरला पोहोचले. जौक यांचे काव्य आज जे उपलब्ध आहे, त्यात त्या बाडाचा मोठा वाटा आहे.

दारा शुकोहच्या ग्रंथालयाच्या इमारतीत २०२३ मध्ये फाळणीचे संग्रहालय उघडले. फाळणीत घर सोडणाऱ्यांनी शेवटच्या क्षणी काय उचलले, ते सांगणाऱ्या वस्तू तिथे आहेत.

जप्तीचा इतिहास

मुहम्मद हुसैन आजाद ज्या लाहोरात स्थिरावले, त्याच लाहोरात एप्रिल १९०१ मध्ये शेख अब्दुल कादिर यांनी एक उर्दू मासिक काढले. त्यांचे शिक्षण इंग्रजीत झाले होते, नमुने इंग्रजी मॅगेझिनांचे डोळ्यांपुढे होते. मासिकाला त्यांनी नाव दिले 'मखजन'. शतकानुशतके परदेशांत फिरलेला शब्द मूळ नावाने पुन्हा मुखपृष्ठावर छापला गेला. पहिल्याच अंकात इकबाल यांची हिमालयावरची कविता होती. एका तरुण कवीला देशभर पोहोचवणारे ते कोठार ठरले.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर. मॅगेझिनमध्ये असे काय छापले होते, की ते जप्त झाले? १९०८ मध्ये अलीगढच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' या मासिकात इंग्रजांच्या इजिप्तमधील धोरणावर टीका करणारा निनावी लेख छापला गेला. संपादक होते हसरत मोहानी. लेखकाचे नाव त्यांनी सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांना सक्तमजुरीची शिक्षा आणि दंड झाला. तुरुंगात त्यांनी जात्यावर दळण दळले. दंडाच्या वसुलीसाठी त्यांचा वर्षानुवर्षे जमवलेला ग्रंथसंग्रह कवडीमोलाने विकला गेला. ज्या जून महिन्यात अलीगढला हसरतना पकडले, त्याच महिन्यात मुंबईला लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लेखांसाठी पकडले. हसरत टिळकांना राजकारणातला गुरू मानत. एक तुरुंगात दळत होता, दुसरा मंडालेला जाणार होता. दोघांकडे पिस्तूल नव्हते. १९१२ मध्ये कलकत्त्याहून मौलाना अबुल कलाम आझादांनी 'अल्-हिलाल' हे साप्ताहिक सुरू केले. १९१४ मध्ये सरकारने त्याचा जामीन जप्त केला, आणखी मोठी रक्कम मागितली आणि पत्र बंद पडले.

तेव्हा त्या मुलीला मी फळ्यावर पिस्तुलाची मूठ काढून दाखवली, ती घाई झाली. मी तिला सांगायला हवे होते, की मॅगेझिन दोन्ही तऱ्हांची जप्त होतात. ज्या वर्गात एका बातमीतल्या नावामुळे पाच-सहा मुले माना खाली घालतात, त्या वर्गात हसरत मोहानींचे नाव फळ्यावर लिहिले गेले पाहिजे होते.

अब्बांची पेटी

हे सगळे वाचकांपुढे मांडताना एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरात लोखंडी पेटी होती. तिच्यात अब्बांनी चाळीस वर्षांतले अंक ठेवले होते. दिवाळी अंक होते, उर्दू रिसाले होते, १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा जमवलेले कागद होते. तळाशी दादीअम्माची एक वही होती. तिला लिहिता येत नव्हते. लग्नात हळदीच्या रात्री ती जी दखनी गाणी म्हणे, ती अब्बांनी तिच्या तोंडून ऐकून मोडी वळणाच्या मराठी अक्षरांत उतरवली होती. अब्बा गेल्यावर दोन वर्षांनी घराला रंग काढायचा होता. खोली रिकामी करायची घाई होती. मी पेटी उघडून वरवर पाहिली आणि सगळे रद्दीवाल्याला किलोवर देऊन टाकले. वही त्यातच गेली, हे आठ दिवसांनी लक्षात आले. तोवर दुकानदाराने माल पुढे पाठवला होता.

गोऱ्यांच्या संगिनी समोर असताना मुहम्मद हुसैननी बाड उचलले. माझ्यावर कुणी संगीन रोखली नव्हती. मी इतिहासाचा शिक्षक होतो, आणि खाजिन म्हणून नापास झालो.

माझ्यासारखी घरे अनेक असतील. मराठी मुसलमानाची भाषा कोणती, त्याचा इतिहास कुठे आहे, असे प्रश्न आपल्याला वरचेवर विचारले जातात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हस्तलिखितांतून टिकला, म्हणून आज त्याचा दाखला देता येतो. जे टिकले नाही, त्याचा दाखला कसा देणार? पुरावे आपल्याच पेट्यांमध्ये असतात: वक्फाचे जुने कागद, मुंबईहून गलबतावर गेलेल्या आजोबांची पत्रे, तालमीच्या हिशेबाच्या वह्या, मोहल्ल्यातल्या वाचनालयाची नोंदवही, लग्नातली गाणी. ती कुणी जप्त करत नाही. आपणच विकतो.

निवृत्तीनंतर मी एक काम सुरू केले आहे. शुक्रवारच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील दोन-तीन घरी जातो, जुने कागद पाहतो आणि वहीत त्यांची यादी करतो. कागद ज्याचे त्याच्या घरी राहतात, मी फक्त काय कुठे आहे ते लिहितो. माजी विद्यार्थी मोबाइलवर छायाचित्रे काढून देतात. पहिल्या पावसाळ्यापर्यंत सतरा घरे झाली. अकराव्या घरी एका वृद्ध खालांना हळदीच्या दोन गाण्यांची धृपदे आठवली. दादीअम्माच्या वहीत ती होती, एवढे मला नक्की आठवते. मी ती लिहून घेतली. पुढची कडवी त्यांना येत नव्हती. शेजारच्या गावात त्यांची धाकटी बहीण असते, तिला येत असतील, असे त्या म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी तिकडे जायचे आहे.